सोयाबीन आम्ही पेरलं, पैसे भायांच्या खात्यात

‘ताई, नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. घरची तीन एकर आणि थोरल्या दिरांच्या, म्हणजे भायांच्या, वाटणीची साडेचार एकर जमीन आम्ही नवरा-बायको करतो. भाया वीस वर्षांपासून पिंपरीला कंपनीत आहेत. त्यांचं रान आमच्याकडं ठोक्यानं आहे, एकरी आठ हजार, दिवाळीला रोख. भाव पडो की पाऊस दगा देवो, एक रुपया कधी मागं ठेवला नाही. २०२३ च्या खरिपात दोन्हीकडं सोयाबीन होतं. ऑगस्ट कोरडा गेला, वरून पिवळा मोझॅक रोग आला. भायांच्या रानात सव्वीस क्विंटल झालं. भाव वाढेल म्हणून होळीपर्यंत घरात ठेवलं आणि शेवटी ४,२८० नं मोंढ्यात घातलं. पुढं सरकारनं हेक्टरी पाच हजार दिले. आमच्या तीन एकरांचे सहा हजार मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, खात्यात आले, भायांच्या रानाचे नऊ हजार भायांच्या खात्यात गेले. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवर पिकाची नोंद, माझ्या मुलानं केली होती. संमतीच्या कागदावर सही आणायला मालक स्वतः पिंपरीला गेले होते. पैसे जमा झाले हे भायांनी सांगितलंच नाही, कृषी सहायकाकडून कळलं. मालक म्हणतात, मोठा भाऊ आहे, तोंड उघडायचं नाही. २०२४ साली हमीभाव केंद्रावर भायांचा सातबारा लागत होता, तोही यांनी मागितला नाही. एकतीस क्विंटल ४,०५० नं व्यापाऱ्याला दिलं. भाया जमीन कसत नाहीत असा कृषी कार्यालयात अर्ज करावा का? येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळे गावी येणार आहेत, तेव्हा चारचौघांत विचारावं का? की गप्प बसावं?’

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, तिन्हींची उत्तरं आधी देते. गप्प बसू नका. अर्ज करू नका. आणि येळवशीच्या दिवशी रानात, सगळं घर कोपीभोवती जेवायला बसलेलं असताना तर हा विषय अजिबात काढू नका. आता असं का म्हणते ते सांगते, आणि त्याला जरा वेळ लागेल, कारण नऊ हजारांच्या मागं पुष्कळ काही अडकलेलं तुमच्या पत्रातच दिसतंय.

पहिल्यांदा हे पैसे कशाचे होते ते नीट समजून घेऊ. २०२३ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,६०० रुपये होता. बाजारात भाव त्याच्या खाली आले, कापसाचीही रड होती, म्हणून राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये दोन्ही पिकांसाठी अर्थसाहाय्याचा निर्णय काढला. वीस गुंठ्यांपर्यंत सरसकट हजार रुपये, त्याच्या वर हेक्टरी पाच हजार, आणि जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत. एकूण तरतूद चार हजार कोटींच्या वर होती. म्हणजे ही जमिनीबद्दलची बक्षिसी नव्हती, वारसाहक्काचा हिस्सा नव्हता. भाव पडल्यानं पिकवणाऱ्याला जो खड्डा पडला, त्यात टाकलेली ही माती होती.

आता तुमचाच खड्डा मोजू. ४,६०० वजा ४,२८०, क्विंटलमागं ३२० रुपये तूट. सव्वीस क्विंटलचे झाले ८,३२०. भायांच्या साडेचार एकरांवर, म्हणजे १ हेक्टर ८० आरवर, सरकारनं दिले नऊ हजार. तूट आणि मदत जवळजवळ एकमेकींना भेटल्या. ती तूट कुणी सोसली? भायांना दिवाळीत ३६,००० रुपये मिळाले, भाव काहीही असता तरी तेवढेच मिळाले असते. बियाणं, खत, तणनाशक, खुरपणाऱ्या बायांची मजुरी, काढणीचं गुत्तं, मळणी, मोंढ्यातली हमाली-तोलाई, सगळं तुमच्या घरातून गेलं. २०२१ साली सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलेलं अख्ख्या लातूरनं पाहिलंय, त्या आशेवर होळीपर्यंत पोती घरात ठेवून वाट पाहिली तीही तुम्हीच. म्हणून न्यायानं बघायचं तर ते नऊ हजार तुमचे आहेत. याबद्दल माझ्या मनात किंतु नाही आणि तुमच्याही मनात राहू नये. तुम्ही मागताय ते दान नाही.

पण कागद न्यायानं चालत नाही, नावानं चालतो. शासनाच्या नियमात पात्रता होती ती पीक नोंदलेल्या खातेदाराची. सातबाऱ्यावर नाव भायांचं, त्या गटावर सोयाबीनची नोंद झालेली, संमतीपत्र त्यांच्या सहीचं, आधार त्यांचं. त्यामुळं पैसे त्यांच्याच खात्यात जाणार होते, दुसरा रस्ताच नव्हता. भायांनी कुणाला फसवलं नाही, खोटं काही लिहून दिलं नाही. तुम्ही कृषी कार्यालयात अर्ज घेऊन गेलात तर साहेब सातबारा बघतील, नोंद बघतील आणि अर्ज बाजूला ठेवतील. तुमच्या पदरात काही पडणार नाही.

उलट नुकसान होईल, आणि ते मोठं होईल. ‘या जमिनीत मालक नाही, दुसराच कुणी कसतो’ असं तुम्ही सरकारी कार्यालयात लिहून दिलं, ही बातमी पिंपरीला पोहोचायला दुपार लागणार नाही. गावाकडं जमीन ठेवून शहरात गेलेल्या प्रत्येक माणसाच्या पोटात एकच भीती असते, कूळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्यानं हक्क लागण्याची. आपल्या मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळकायदा लागू आहे, पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबईचा. आजोबांच्या काळी ‘पीकपाहणीत दुसऱ्याचं नाव लागलं आणि जमीन गेली’ ही गोष्ट ऐकली नाही असं घर सापडणार नाही. जमीनमालकाच्या कुटुंबातल्या माणसाला हा कायदा कूळ मानत नाही, हे खरं आहे, पण वाटणी होऊन चूल आणि खाते वेगळे झालेले भाऊ घाबरायचे ते घाबरतातच. तुमच्या एका अर्जानं भाया पुढच्या पाडव्याला जमीन काढून घेतील आणि परक्याला देतील. नऊ हजारांपायी साडेचार एकर रान हातचं जाईल. म्हणून अर्जाचं नाव काढू नका, रागाच्या भरात धमकी म्हणूनही नको.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आली नसावी. मदतीला दोन हेक्टरची मर्यादा होती. तुमची तीन आणि भायांची साडेचार, अशी साडेसात एकर म्हणजे तीन हेक्टर एकाच नावावर असती, तर दोन हेक्टरचे दहा हजार मिळाले असते आणि हिशेब तिथंच थांबला असता. नावं दोन होती म्हणून सहा आणि नऊ असे पंधरा हजार तुमच्या घराण्यात आले. भायांचं नाव सातबाऱ्यावर आहे म्हणून यातले पाच हजार जास्तीचे आले. हे बोलताना आठवणीत ठेवा. ‘तुमच्या नावामुळं हे पैसे आले’ या वाक्यानं सुरुवात केलीत तर ते खोटंही होणार नाही आणि समोरचा माणूस ऐकायच्या मनःस्थितीत येईल.

हा गुंता तुमच्या एका घराचा नाही. तेलंगणात २०१८ पासून रयतु बंधू योजनेत एकरी पैसे दिले गेले, तेही पट्टेदाराच्या नावावर. तिथले भाड्यानं जमीन करणारे बाहेरच राहिले. शेजारच्या आंध्रनं २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांच्या करारावर वेगळं कार्ड द्यायला सुरुवात केली, मालकी हक्काला धक्का न लावता. ओडिशानं कालिया योजनेत भूमिहीन आणि वाटेकरी धरले. अमेरिकेत मक्याचे, सोयाबीनचे भाव ठरलेल्या पातळीखाली गेले की सरकार मदत करतं. तिथला नियम असा की जमीन रोख भाड्यानं असेल तर मदत कसणाऱ्याला आणि पीक हिश्शानं असेल तर दोघांत हिश्शाप्रमाणं, कारण जोखीम ज्याची त्याची मदत. महाराष्ट्रात आता उलट दिशेनं घट्ट होत चाललंय. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. ज्यांच्या नावावर गुंठाही नाही अशी लाखो माणसं आपल्याकडं बटईनं, ठोक्यानं, खंडानं शेती करतात, आणि सरकारच्या पडद्यावर ती शेतकरी म्हणून दिसतच नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. पण कायदा बदलेपर्यंत तुमची पेरणी थांबणार नाही, म्हणून घरातच नियम करावा लागेल.

तो करण्याआधी एक प्रश्न मला तुम्हाला विचारलाच पाहिजे, आणि तो कदाचित तुम्हाला रुचणार नाही. तुमच्या गावात आज ठोका काय चालतो? तुम्ही आठ हजार लिहिलंय, पण कधी ठरलेले आणि आता इतर लोक किती देतात, हे पत्रात नाही. समजा शेजारच्या रानाला बारा हजार मिळत असतील, तर भाया दरवर्षी तुमच्यासाठी एकरी चार हजार, म्हणजे साडेचार एकरांचे अठरा हजार सोडतायत. भाऊ म्हणून सोडतायत, बोलून दाखवत नाहीत. तसं असेल तर नऊ हजारांची गोष्ट वेगळ्या वजनानं बोलावी लागेल. आणि चालू भावच सात-आठ हजार असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. बोलायला बसण्याआधी हे गावात दोन-चार ठिकाणी विचारून खात्री करा. आपलाच हिशेब आपल्याला अर्धा ठाऊक असला की पहिल्या प्रतिप्रश्नालाच जीभ अडखळते.

दुसरं, भायांना हे पैसे कशाचे आहेत ते ठाऊक आहे असं तुम्ही धरून चाललात. मला तशी खात्री वाटत नाही. तुम्हीच लिहिलंय की सही आणायला मालक गेले होते. त्या वेळी ‘सरकारी कागद आहे, इथं सही कर’ यापलीकडं काही बोलणं झालं का? पिंपरीत बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर थेट हस्तांतरणाचा संदेश येतो, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. त्याला वाटतं, आली असेल काहीतरी मदत शेतीवर. वाईट हेतू नसतानाही माणूस असे पैसे खर्चून मोकळा होतो. लपवलं आणि कळलंच नाही, या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि विचारल्याशिवाय तुम्हाला ते कळणार नाही. म्हणून ‘तुम्ही सांगितलं नाही’ असं वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका.

आता मालकांच्या गप्प बसण्याकडं येते. मोठ्या भावासमोर मान खाली घालणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत, माझे वडील त्यातलेच होते. ते काकांची जमीन करायचे. काका सोलापूरला नोकरीला. माझ्या लहानपणी दर पाडव्याला आमच्याकडं एक काम ठरलेलं असे. गुढी उभी झाली, कडुलिंब खाऊन झाला, सालगड्याचं साल ठरलं की वडील कापडी पिशवीतून लाल बासनातली वही काढायचे. एका पानावर गेल्या सालचा खर्च: बी किती, खत किती, बायांचे रोजंदारीचे दिवस किती. दुसऱ्या पानावर काय पिकलं, कुठल्या आडतीवर गेलं, पट्टी कितीची झाली. तिसरं पान कोरं, त्यावर येणाऱ्या सालाचं बोलणं लिहायचं आणि खाली दोघा भावांच्या सह्या. वडील तोंडानं पैसे कधीच मागू शकले नाहीत. वही पुढं सरकवायचे आणि पानाच्या कडेवर बोट ठेवून बसायचे. काका वाचायचे, मग काका स्वतःच बोलायचे. एका साली ज्वारी काणी रोगानं गेली होती तेव्हा काकांनी वाचून झाल्यावर पेन मागितलं आणि स्वतःच्या हातानं ठोक्याचा आकडा खोडून निम्मा केला. त्या पानावरची ती खाडाखोड मला अजून दिसते.

तुमच्या मालकांना बोलायला लावू नका, त्यांना वही द्या. दोनशे पानी साधी वही आणा आणि मुलाला बसवून २०२३ आणि २०२४ दोन्ही सालांचा हिशेब लिहा. मोंढ्यातल्या पट्ट्या असतील त्या मागं चिकटवा, खतांच्या दुकानातल्या पावत्या जोडा. जिथं आकडा आठवत नाही तिथं जागा सोडा, अंदाजानं भरू नका. चुकीचा एक आकडा सापडला की सगळी वही खोटी ठरते.

आणि या वहीत २०२४ सालचं पान फार ठळक लिहा, कारण नऊ हजारांपेक्षा मोठी गोष्ट तिथं आहे. २०२४ च्या सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता. तुम्ही ४,०५० नं दिलं. क्विंटलला ८४२ रुपये, एकतीस क्विंटलचे २६,१०२ रुपये तुम्ही सोडून दिलेत, फक्त भायांना सातबारा आणि आधार मागायची भीड पडली म्हणून. हे वाचून माझ्या पोटात कालवलं. केंद्रावर बारदान नव्हतं, रांगा होत्या, ओलावा बारा टक्क्यांच्या वर म्हणून माल परत येत होता, हे सगळं त्या साली झालं आणि सगळाच माल केंद्रावर गेला असता असं मी म्हणत नाही. पण प्रयत्नच झाला नाही. भायांनी घेतले नऊ हजार. तुमच्या घरातल्या संकोचानं घेतले सव्वीस हजार.

केंद्राच्या बाबतीत एक अडचण खरी आहे. नोंदणी भायांच्या नावानं म्हणजे मालाचे सगळे पैसे त्यांच्या खात्यात. एकतीस क्विंटलचे दीड लाखाच्या वर होतात. नऊ हजारांवर दोन भावांत बोलणं होत नसेल, तर दीड लाख त्यांच्या खात्यात जाऊ देण्याची हिंमत मालकांना होणार नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही. म्हणूनच आधी नऊ हजारांचं बोलणं व्हायला हवं. २०२५ च्या खरिपाला हमीभाव ५,३२८ होता, बाजार त्याच्या पुष्कळ खाली होता. २०२५ च्या सप्टेंबरच्या पावसात तुमच्याकडं काय उरलं ते तुम्ही लिहिलं नाही. काळं पडलेलं, डागी वेगळं काढून चांगला माल चार-दहा क्विंटल जरी असला तरी नोंदणीचं विचारून घ्या.

येळवशीचं सांगते. वर्षातून एकदा पुण्या-मुंबईची माणसं रानात येतात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी-अंबिल, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेजारच्या रानातल्या माणसालाही हाताला धरून बसवतात. त्या दिवशी जाऊबाईंच्या आणि पोरांच्या समोर हिशेब काढला तर भाया एकटे पडतील, आणि एकट्या पडलेल्या माणसाला स्वतःची बाजू सांभाळण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना रान दाखवायला न्या. पुण्याला निघायच्या गडबडीत नको, चहा झाल्यावर लगेच. मालक, भाया आणि वही, एवढंच. तुम्ही बरोबर असलात तर उत्तम, वही तुम्हीच लिहिलेली असणार. मुलालाही घ्या, म्हणजे त्यानं कुठं उभं राहून फोटो काढला, ॲपवर नोंद कशी केली, हे तो मोबाइलवर काकांना दाखवेल. काकांनाही कळेल की आपल्या नावाच्या नोंदीमागं कुणाची तरी पायपीट आहे.

बोलणं तीन वाक्यांत होऊ द्या. ‘दादा, २०२३ च्या सोयाबीनला भाव पडला म्हणून सरकारनं मदत दिली, तुमच्या नावामुळं या रानाचे नऊ हजार आले. त्या साली तूट आम्हाला बसली, ठोका पूर्ण दिला, हिशेब इथं आहे. मागचं तुम्ही ठरवा, पण पुढचं आज लिहून ठेवू.’ एवढं बोलून थांबा. शांतता पडली तर पडू द्या, ती भरायला घाई करू नका.

पुढचं काय लिहायचं, यात गफलत होऊ नये म्हणून थोडं फोडून सांगते. सगळे सरकारी पैसे एका दावणीला बांधू नका. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याचे नमो सन्मानचे सहा हजार हे जमीनधारक कुटुंबासाठी आहेत. भाया त्याला पात्र असोत वा नसोत, त्यावर तुमचा हक्क सांगू नका. पिकाच्या भावाची मदत मात्र ठोक्यानं करणाऱ्याची, पूर्ण. उद्या ठोका मोडून निमबटई केलीत, खर्च निम्मा आणि माल निम्मा, तर मदतही निम्मी. अतिवृष्टीची भरपाई ही उभ्या पिकाची असते, ती ज्यानं पेरलं त्याची. पण जमीन खरडून गेली, बांध फुटला, विहीर बुजली याची मदत आली तर ती भायांची, कारण माती त्यांची वाहून गेली. पीकविम्याचा हप्ता जो भरेल त्याचा दावा. एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झालाय, आता सोयाबीनला विमा रकमेच्या दोन टक्के स्वतः भरावे लागतात, म्हणून हे आधी ठरवलेलं बरं. विमा तुमच्या नावानं हवा असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. भाया त्याला तयार झाले तर वकिलाकडून मुदत स्पष्ट लिहिलेला करार करून घ्या. तयार नसतील तर हट्ट धरू नका, त्यांच्या नावानं विमा आणि घरातल्या वहीत शब्द, एवढ्यावर चालवा. आणि हमीभावाचे पैसे त्यांच्या खात्यात आले की दोन दिवसांत तुमच्या खात्यात, हे वहीत तारखेसकट हवं.

भाया नाहीच म्हणाले तर? माझ्या मते म्हणणार नाहीत, पण धरून चला. तेव्हा आवाज चढवू नका. नऊ हजार भागिले साडेचार एकर, एकरी दोन हजार होतात. त्यांना सांगा, ठीक आहे, ज्या साली पिकाच्या भावाची मदत तुमच्या खात्यात येईल, त्या साली ठोका एकरी दोन हजारांनी कमी, आठाचे सहा; मदत आली नाही तर आठ पूर्ण. आकडा योजनेप्रमाणं बदलेल, रीत तीच. यात त्यांच्या खिशातून काही जात नाही आणि मागचं उकरलंही जात नाही. हेही नको म्हणाले, तर मात्र पाडव्याआधी शांतपणे विचार करा की दुसरं रान मिळतं का. ते मिळेपर्यंत हे सोडू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी बोलते. तुमच्या पत्रात भायांचं खातं आहे, मालकांचं खातं आहे, मुलाचा मोबाइल आहे. खुरपणीला वाकलेली, होळीपर्यंत पोत्यांना उंदीर लागू नये म्हणून रात्री उठलेली तुम्ही, तुमचं नाव कुठल्याच कागदावर नाही. घरच्या तीन एकरांचे सहा हजारही मालकांच्या खात्यात आले आणि त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम चालवली होती, नवऱ्यांनी आपल्या जमिनीत बायकोचं नाव स्वखुशीनं लावावं म्हणून. पुढं १९९२ मध्ये सरकारनं त्याच नावाची योजना आणली, ती आजही आहे. नवऱ्यानं अर्ज करायचा, सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, मुद्रांकाचा खर्च येत नाही. तलाठी कार्यालयात विचारा. मालकांकडं हा विषय काढायला तुम्हाला येळवशीची वाट बघायची गरज नाही. भायांपुढं वही ठेवायच्या आधीच काढा. आज संध्याकाळी, भाकरी टाकताना बोललात तरी चालेल.